मुंबई हाय : चुनखडकाच्या छिद्रांत अडकलेले तेल

मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, साधारण ७५ मीटर खोल पाण्याखाली आणि तेथून पुढे आणखी तेराशे-चौदाशे मीटर खाली चुनखडकाचा एक थर पसरला आहे. तेलक्षेत्रातील मंडळी त्याला 'एल-३' म्हणतात. देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र म्हणून ओळखले जाणारे 'मुंबई हाय' म्हणजे मुख्यत्वे हा एक थर. २१ मे १९७६ रोजी येथून तेलाचे उत्पादन सुरू झाले. त्याला आता अर्धशतक होत आले. तरीही मूळ साठ्यापैकी निम्म्याहून बरेच अधिक तेल अजून त्याच दगडात आहे.

यात मुंबई हायचे काही विशेष नाही. जगभरातील तेलक्षेत्रांतून सरासरीने एक-तृतीयांशाच्या आसपासच तेल वर येते आणि चुनखडकाच्या साठ्यांत हे प्रमाण अनेकदा त्याहूनही कमी असते. उरलेले तेल कोठे आहे, हे ढोबळमानाने ठाऊक असूनही ते काढता येत नाही. कारण शोधायचे तर पंप, नळ आणि फलाट बाजूला ठेवून दगडातील केसापेक्षा बारीक छिद्रांकडे पाहावे लागते. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाला या छिद्रांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. शंभर कोटी पिंपांच्या साठ्यातून एक टक्का तेल जास्त निघाले, तर ती वाढ एक कोटी पिंपांची असते आणि तीही नवे तेलक्षेत्र न शोधता.

तलाव नव्हे, दगड

जमिनीखाली तेलाचा तलाव असतो आणि विहीर खोदली की त्यातून तेल उपसता येते, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात तेल असते ते दगडाच्या छिद्रांत, पाण्याने भिजलेल्या विटेत पाणी असते तसे. दगडाच्या एकूण आकारमानापैकी किती भाग पोकळ आहे, या प्रमाणाला सच्छिद्रता म्हणतात. त्या पोकळ्यांतून द्रव किती सहजतेने पुढे सरकतो, हे सांगणारा दुसरा गुणधर्म म्हणजे पार्यता. सच्छिद्रतेवरून साठा किती ते कळते, पार्यतेवरून तो विहिरीपर्यंत पोहोचेल की नाही ते.

पार्यतेचे मोजमाप सुरू झाले ते तेलासाठी नव्हे, पिण्याच्या पाण्यासाठी. फ्रान्समधील दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून प्रयोग केले आणि १८५६ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाळूच्या थरातून जाणारे पाणी दाबातील फरकाच्या आणि थराच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते व थराच्या लांबीच्या प्रमाणात घटते, असा तो साधा नियम. त्यांच्याच नावाने आज पार्यता 'डार्सी' या एककात मोजली जाते. तेलाच्या खडकांसाठी हे एकक फार मोठे पडते, म्हणून व्यवहारात त्याचा हजारावा भाग, 'मिलिडार्सी', वापरतात.

वालुकाश्मात या दोन गुणधर्मांचे बऱ्यापैकी जमते. वाळूचे कण जेवढे मोठे, एकसारखे आणि मोकळे, तेवढी सच्छिद्रता व पार्यता दोन्ही चांगल्या. चुनखडकात मात्र हे नाते अनेकदा तुटते. वीस टक्के सच्छिद्रता असलेल्या चुनखडकाच्या दोन तुकड्यांपैकी एकाची पार्यता एक मिलिडार्सी आणि दुसऱ्याची कित्येकशे मिलिडार्सी निघू शकते. जगातील तेलसाठ्यांपैकी सुमारे ६० टक्के साठा कार्बोनेट खडकांत, म्हणजे चुनखडक व डोलोमाइट यांत आहे, असा अंदाज नेहमी दिला जातो. या बेभरवशाच्या नात्याकडे अभ्यासकांचे लक्ष जाते ते त्यामुळेच.

शहाबादी आणि पोरबंदरी

चुनखडकाचे हे दोन स्वभाव मराठी वाचकाच्या अगदी परिचयाचे आहेत. घराघरांतील शहाबादी फरशी हा चुनखडकच. ती इतकी घट्ट असते की पाणी सांडले तर पुसावे लागते. मुंबईच्या फोर्ट भागातील अनेक जुन्या इमारतींत वापरलेला पोरबंदरी दगडही चुनखडकच. पण तो बारीक कणांचा, मोकळा आणि पाणी शोषणारा आहे. भिंगातून पाहिले तर त्यातील अनेक कण म्हणजे समुद्रातील सूक्ष्मजीवांची कवचे असल्याचे दिसते. दोन्हींचे रसायन जवळपास एकच. फरक आहे तो जडणघडणीत.

वालुकाश्माची वाळू नदी कोठून तरी वाहून आणते. चुनखडक बहुधा जेथे तयार होतो तेथेच जगलेल्या जीवांचा बनलेला असतो. प्रवाळ, शैवाल, शिंपले, फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव आणि त्यांच्या चुऱ्यापासून झालेला चुन्याचा गाळ असा सारा ऐवज त्यात असतो. त्यामुळे छिद्रेही नाना तऱ्हांची. काही कणाकणांच्या मध्ये असतात, काही कवचाच्या आतल्या कप्प्यांत. गाळाच्या कणांमधली छिद्रे तर एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतात.

खरी गुंतागुंत येथून पुढे सुरू होते. चुनखडक पाण्यात विरघळतो. समुद्राची पातळी घटून तो उघडा पडला, की हवेतील कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन आलेले पावसाचे पाणी त्यात मुरते आणि दगड पोखरू लागते. कोठे एखादा शिंपला संपूर्ण विरघळतो आणि त्याच्या आकाराचा नुसता साचा उरतो. कोठे भेग रुंदावून बोटभर पोकळी होते, तर कोठे गुहाच तयार होते. विरघळलेला चुना वाहत जाऊन दुसरीकडे स्फटिकांच्या रूपाने बसतो आणि तेथली छिद्रे बुजवतो. पुढे कधी मॅग्नेशियमयुक्त पाणी आले तर खडकाचे डोलोमाइटमध्ये रूपांतर होते आणि छिद्रांची रचना पुन्हा बदलते. लाखो वर्षे चाललेल्या या तोडजोडीनंतर हाती येणाऱ्या दगडात मूळची छिद्रे किती आणि नंतरची किती, हे सांगणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

मानेवर सारे अवलंबून

छिद्र मोठे असले म्हणजे प्रवाह मोठा, असे वाटणे साहजिक आहे. पण दोन प्रशस्त खोल्यांमध्ये उंदराच्या बिळाएवढीच वाट असेल तर खोल्यांच्या प्रशस्तपणाचा ये-जा करणाऱ्याला काय उपयोग? दगडातही दोन पोकळ्यांना जोडणारी अरुंद मान प्रवाह ठरवते. बारीक नळीतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, हा भौतिकशास्त्रातील जुना नियम आहे. मानेची रुंदी निम्मी झाली तर त्याच दाबाखाली तिच्यातून जाणारा द्रव सोळाव्या हिश्शावर येतो.

विरघळलेल्या कणांच्या साच्यांचा खडक हे याचे ठळक उदाहरण. गोल चुनकण विरघळून त्यांच्या जागी गोल पोकळ्या राहिल्या. पण कणांच्या मधली जागा आधीच स्फटिकांनी बुजलेली असेल, तर हा दगड आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ असूनही कप्पे एकमेकांपासून तुटलेले राहतात. सच्छिद्रता तीस टक्के आणि पार्यता जेमतेम काही मिलिडार्सी, असा हा प्रकार.

याच्या अगदी उलट टोकाला भेगा आहेत. एखाद्या घट्ट दगडात दर मीटरला एक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी म्हणजे केसाच्या जाडीची सरळ भेग आहे असे समजा. या भेगांनी सच्छिद्रतेत पडणारी भर केवळ ०.०१ टक्का. पार्यता मात्र ऐंशी मिलिडार्सीच्या पुढे जाते. इराणमधील अस्मारी चुनखडकाने हे जगाला फार पूर्वी दाखवून दिले. मे १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे मध्यपूर्वेतील पहिले मोठे तेल लागले ते याच खडकात. त्या खडकाचा मूळ दगड पुष्कळ ठिकाणी घट्ट आहे. तेथील विहिरींचे जोमदार उत्पादन भेगांच्या जाळ्यावर चालत आले आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. काळ्या कातळात एका विहिरीला भरपूर पाणी लागते आणि हातभर अंतरावरची दुसरी कोरडी राहते, त्यामागे भेगांचाच खेळ असतो.

या साऱ्या पसाऱ्याला नावे देण्याचे काम विसाव्या शतकाच्या मध्यापासून झाले. शेल कंपनीतील गस आर्ची यांनी १९५२ मध्ये कार्बोनेट खडकांची वर्गवारी मांडली. तिचा रोख दगड कसा बनला यापेक्षा त्याची छिद्रे कशी आहेत याकडे होता. रॉबर्ट डनहॅम यांनी १९६२ मध्ये गाळ आणि कण यांच्या प्रमाणावरून सोपी नावे दिली. ती आजही भूवैज्ञानिकांच्या तोंडी आहेत. फिलिप चोकेट आणि लॉइड प्रे यांनी १९७० मध्ये छिद्रांचे पंधरा मूळ प्रकार सांगितले. अभियंत्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरली ती मात्र जेरी लुसिया यांची १९८३ आणि १९९५ मधील मांडणी. मोठी पोकळी तिच्या शेजारणीला थेट जोडलेली आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी केंद्रस्थानी आणला. पंधरा प्रकारांची नावे पाठ करण्यापेक्षा हा एक प्रश्न विचारणे अधिक कामाचे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोअरची कहाणी

छिद्रे पाहायची तर आधी दगड हाती यायला हवा. विहीर खोदताना ठरावीक खोलीवर पोकळ कातकाने दगडाचा दंडगोल कापून वर आणतात. त्याला 'कोअर' म्हणतात. हे काम खर्चिक आहे, कारण तेवढा वेळ नेहमीचे खोदकाम थांबते. म्हणूनच प्रत्येक विहिरीतून कोअर काढला जात नाही.

प्रयोगशाळेत कोअरमधून साधारण दीड इंच व्यासाचे छोटे तुकडे कापले जातात. टोल्युइनसारख्या द्रावकाने त्यांतील तेल धुऊन काढतात व तुकडे वाळवतात. हेलियम वायू आत सोडून पोकळ जागा किती ते मोजतात आणि वायूचा प्रवाह सोडून पार्यता. एका पातळ कापात निळ्या रंगाची राळ भरून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की जेथे निळे तेथे छिद्र, इतके ते स्पष्ट दिसते.

मानांची रुंदी मोजण्यासाठी पाऱ्याचा उपयोग होतो. पारा दगडाला चिकटत नाही, त्यामुळे तो आपणहून आत शिरत नाही, दाबावा लागतो. मान जितकी अरुंद तितका दाब जास्त, हे सूत्र एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडले. एक मायक्रॉन त्रिज्येच्या मानेतून पारा नेण्यास वातावरणाच्या सुमारे सातपट दाब पुरतो. त्याच्या शंभराव्या भागाएवढ्या मानेसाठी सातशेपटीहून अधिक दाब लागतो. प्रत्येक दाबाला किती पारा आत गेला याचा आलेख काढला, की त्या दगडातील वाटांचा नकाशा नसला तरी वाटांच्या रुंदीची मोजदाद हाती येते. चुनखडकाच्या आलेखात पुष्कळदा दोन वेगळे उंचवटे दिसतात. एक मोठ्या वाटांचा, दुसरा गाळातील सूक्ष्म वाटांचा. एकाच दगडात जणू दोन दगड नांदत असतात.

अलीकडच्या काळात रुग्णालयातील सीटी स्कॅनचेच तत्त्व वापरणारी, पण कितीतरी बारीक पाहणारी यंत्रे प्रयोगशाळांत आली. दगडाचा तुकडा क्ष-किरणांपुढे फिरवून त्याची त्रिमिती प्रतिमा तयार होते आणि तिच्यातील छिद्रांतून द्रव कसा वाहील याचे गणित संगणकावर मांडता येते. छिद्रांच्या जागी नळ्यांचे जाळे कल्पून प्रवाहाचा हिशेब करण्याची युक्ती आयर्विंग फॅट यांनी १९५६ मध्येच दाखवली होती. आता त्या कल्पित जाळ्याच्या जागी खऱ्या दगडाचे जाळे आले.

तरीही चुनखडक येथेही सहजासहजी वश होत नाही. तीन मायक्रॉनचा एक घन ठिपका धरला आणि प्रतिमेच्या प्रत्येक बाजूला एक हजार ठिपके घेतले, तर शंभर कोटी ठिपके होतात. एवढ्यात पाहून होतो तो फक्त तीन मिलिमीटरचा तुकडा. गाळातील सूक्ष्म छिद्रे या ठिपक्यापेक्षाही लहान, म्हणून ती दिसत नाहीत. बोटभर पोकळ्या तुकड्यापेक्षाही मोठ्या, म्हणून त्याही सुटतात. वालुकाश्माचा तीन मिलिमीटरचा तुकडा बहुधा आपल्या थराचे प्रतिनिधित्व करू शकतो. चुनखडकाच्या बाबतीत दीड इंची तुकड्यावरही तसा विश्वास टाकणे धोक्याचे असते.

चुकीच्या गृहीताची किंमत किती मोठी असू शकते, हे आर्ची यांच्याच दुसऱ्या सूत्रावरून दिसते. विहिरीत उपकरण सोडून खडकाचा विद्युत रोध मोजायचा आणि त्यावरून छिद्रांत तेल किती, पाणी किती हे काढायचे, असे त्यांचे १९४२ चे सूत्र आहे. त्यात छिद्रांच्या जोडणीवर ठरणारा एक घातांक येतो. साधारणपणे तो दोन धरतात. साच्यांसारख्या तुटक छिद्रांच्या चुनखडकात तो तीनपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. सच्छिद्रता वीस टक्के असताना तीनऐवजी दोन धरून हिशेब केला, तर गणितात तीस टक्के पाणी दाखवणाऱ्या थरात प्रत्यक्षात ६७ टक्के पाणी असते. कागदावरचे तेल विहिरीतून पाणी होऊन बाहेर पडते ते असे.

अळवावरचे पाणी

आतापर्यंतचा विचार एकाच द्रवाचा झाला. तेलसाठ्यात मात्र तेल, पाणी आणि वायू एकाच छिद्रजाळ्यात वाटा शोधत असतात. अशा वेळी दगडाला कोण अधिक जवळचे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, काचेवर ते पसरते. दगडाच्या भिंतीचेही तसेच आहे. भिंतीला पाणी चिकटत असेल तर ते छिद्रांच्या कडांनी सरकते आणि तेलाला मध्यभागी ढकलून पुढे काढते. भिंतीला तेल चिकटत असेल तर पाणी मधूनच निघून जाते आणि तेलाचा पापुद्रा मागे राहतो.

वालुकाश्माचा कल बहुधा पाण्याकडे असतो, पुष्कळशा चुनखडकांचा तेलाकडे. कच्च्या तेलात काही आम्लधर्मी घटक असतात आणि चुनखडकातील कॅल्साइटच्या पृष्ठभागावर बऱ्याचदा धन विद्युतभार असतो. दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. परिणामी पाणी टिपकागदासारखे शोषून घेऊन तेल बाहेर टाकण्याचे काम असा दगड करीत नाही. वर भेगा किंवा अतिपार्य थर असतील, तर सोडलेले पाणी त्याच वाटेने धावत उत्पादक विहिरीपर्यंत पोहोचते आणि आजूबाजूच्या दगडातील तेल जागचे हलत नाही. सौदी अरेबियातील घवार हे १९४८ मध्ये सापडलेले जगातील सर्वांत मोठे पारंपरिक तेलक्षेत्र चुनखडकातलेच. तेथेही पातळ पण अतिशय पार्य असे थर पाण्याला आडवाटेने पुढे नेतात आणि अभियंत्यांना त्यांचा पाठपुरावा करावा लागतो.

उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्राची गोष्ट यात उद्बोधक आहे. १९६९ मध्ये सापडलेला हा साठा चॉकमध्ये, म्हणजे खडूच्या दगडात आहे. सच्छिद्रता तीस-चाळीस टक्के, पण कण इतके सूक्ष्म की मूळ दगडाची पार्यता काही मिलिडार्सीच, प्रवाह भेगांमुळे. सुरुवातीला तेथून १७-१८ टक्केच तेल निघेल असा अंदाज होता. तेल निघत गेले तसा छिद्रांतील दाब घटला, वरच्या भाराने मऊ दगड दबला आणि समुद्राचा तळ खचू लागला. हे १९८४ मध्ये लक्षात आले. १९८७ मध्ये पोलादी फलाट जॅक लावून सहा मीटरनी उचलावे लागले. त्याच वर्षापासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचे पाणी आत सोडण्यात आले आणि अपेक्षेहून चांगला प्रतिसाद मिळाला. खडूचा दगड पाणी शोषून तेल बाहेर सोडू लागला. एकूण उताऱ्याचा अंदाज पुढे पन्नास टक्क्यांवर गेला. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटसारखे क्षार चुनखडकाच्या भिंतीचा तेलाकडील कल कमी करतात, हे नंतरच्या प्रयोगशाळांतील अभ्यासांतून पुढे आले. पाण्यातील क्षारांचे प्रमाण मुद्दाम बदलून तेल सोडवण्याच्या आजच्या प्रयोगांना त्यातूनच चालना मिळाली. प्रत्येक चुनखडक खडूसारखा वागेल असे नाही, ही पुस्ती मात्र जोडायलाच हवी.

एल-३ चे थर

मुंबई हायचा शोध लागण्यापूर्वी १९६४-६५ मध्ये सोव्हिएत जहाज 'अकादेमिक अर्खांगेल्स्की'वरून या भागाची भूकंपीय पाहणी झाली होती. समुद्राखालच्या थरांत एक मोठा उंचवटा आहे, हे तीत दिसले. नावातले 'हाय' ते हेच. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदयंत्राने तेथे तेल शोधले.

एल-३ चा चुनखडक मायोसीन कालखंडातील, ढोबळमानाने दोन कोटी वर्षांपूर्वीचा. उथळ समुद्र, खाजण, शैवालांचे आणि फोरॅमिनिफेरांचे उंचवटे, किनाऱ्याची दलदल असे वातावरण तेथे पुन्हापुन्हा येत-जात राहिले. म्हणून हा एकसंध दगड नाही. चुनखडकाच्या अनेक पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये शेल या मऊ, घट्ट खडकाचे पातळ पापुद्रे अशी त्याची चळत आहे. समुद्र हटला तेव्हा पावसाच्या पाण्याने वरच्या पट्ट्या पोखरल्या आणि आजची बरीचशी सच्छिद्रता त्या पोखरण्यातून आली. क्षेत्राचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडतात.

या चळतीत पाणी सोडले तर ते सर्व पट्ट्यांत सारखे जात नाही. जिची पार्यता जास्त ती पट्टी बहुतेक पाणी घेते, तिच्यातील तेल लवकर संपते आणि मग तीच पाण्याची मोरी बनते. शेजारच्या कमी पार्य पट्टीतील तेल शेलच्या पापुद्र्याआड तसेच राहते. वरून वायूचे आवरण आहे ते वेगळेच. उपसा जोरात केला की वायू खाली ओढला जातो. गाळलेले व प्राणवायू काढून टाकलेले समुद्राचे पाणी मुंबई हायमध्ये १९८४ पासून टप्प्याटप्प्याने सोडले जाऊ लागले. १९८९ च्या सुमारास दैनंदिन उत्पादन साडेचार लाख पिंपांच्या वर गेले होते. १९९० च्या दशकात ते घसरत गेले. साठ्याचा उपसा गरजेपेक्षा वेगाने झाला काय, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली.

२००० नंतर तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने (ओएनजीसी) पुनर्विकास योजना हाती घेतल्या. त्यांचा भर जुन्या विहिरींतून आडव्या शाखा काढण्यावर आणि मधल्या जागी नव्या विहिरी घेण्यावर होता. आडवी विहीर एका निवडलेल्या पट्टीतून दूरवर जाते, दगडाचा मोठा भाग तिला खुला होतो आणि हळुवार ओढ पुरत असल्याने वायू व पाणी लवकर आत शिरत नाही. कोणती पट्टी निवडायची, हे मात्र कोअर आणि विद्युत नोंदींच्या अभ्यासावरच ठरते. डेहराडूनची केशवदेव मालवीय संस्था, अहमदाबादची साठा-अभ्यास संस्था आणि पनवेल येथील उत्पादन तंत्रज्ञान संस्था अशा ओएनजीसीच्या संस्था या कामात आहेत.

विहिरीलगतचा चुनखडक आम्लाने विरघळवून वाट मोकळी करणे हा आणखी एक उपाय. मिठाचे आम्ल दगडात एकसारखे पसरत नाही. जेथे छिद्र मोठे तेथे घुसते, ते आणखी मोठे करते आणि झाडाच्या मुळांसारखी लांब बिळे पाडते. आम्ल फार सावकाश सोडले तर विहिरीच्या तोंडाशीच दगड खाऊन संपते, फार वेगाने सोडले तर बारीक फाटे फुटून वाया जाते. मधला वेग गाठावा लागतो. आणि आधीच पाणी ओढणाऱ्या पट्टीत ते शिरले तर उपायच अपाय ठरतो.

२०२४ मध्ये मुंबई हायचे तेल उत्पादन दिवसाला सुमारे १.३५ लाख पिंपांवर आले होते. त्या वर्षी ओएनजीसीने तांत्रिक सेवेसाठी जागतिक निविदा काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची दहा वर्षांसाठी निवड जाहीर केली. मूळ अंदाजाच्या तुलनेत तेल आणि वायूचे एकत्रित उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असे कंपनीने सूचित केल्याचे तेव्हा सांगण्यात आले. साठा, विहिरी आणि यंत्रणा यांचा फेरआढावा हा या कामाचा भाग आहे.

अशा फेरआढाव्यात जुन्या कोअरनाही पुन्हा महत्त्व येते. दगडाचे तुकडे दशकानुदशके जपून ठेवता येतात आणि सत्तरच्या दशकात ज्यांच्याकडे केवळ सूक्ष्मदर्शकातून पाहता येत होते, ते आज त्रिमिती प्रतिमेत उतरवता येतात. छिद्रे आणि माना तशाच असतात. दगडाचा तेलाकडे की पाण्याकडे असलेला मूळ कल मात्र धुण्या-वाळवण्यात आणि हवेच्या संपर्कात बदलून गेलेला असतो. तो परत आणण्यासाठी तुकडा पुन्हा त्याच क्षेत्रातील तेलात, साठ्याइतक्या तापमानाला आठवडेच्या आठवडे मुरत ठेवावा लागतो. त्यानंतरच त्यातून पाणी सोडून किती तेल निघते ते मोजतात.